पद्माक्कांची तीन पानं

सरकारी कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव ‘नेत्रचिकित्सा अधिकारी’ असं भारदस्त होतं. लोक मात्र मला ‘डोळ्याचा डॉक्टर’ म्हणायचे आणि मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून माझी निम्मी नोकरी संपली. उरलेल्या निम्म्या नोकरीत मी सांगायचं सोडून दिलं. डॉक्टर ऑपरेशन करतात. मी नजर मोजतो, चष्म्याचा नंबर काढतो, ज्याला ऑपरेशनची गरज आहे तो माणूस हुडकतो आणि ऑपरेशन झाल्यावर त्याला नीट दिसायला लागलं का ते बघतो. आटपाडी, आष्टा, इस्लामपूर, मध्ये काही वर्षं साताऱ्याकडं, अशी माझ्या बदल्यांची फेरी झाली. आता निवृत्त होऊन सांगलीत एका मित्राच्या चष्म्याच्या दुकानात रोज सकाळी तीन तास बसतो. घरी असलो की बायकोच्या कामात चुका काढतो, म्हणून तिनंच मला तिथं धाडलं आहे.

भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली की डोळे उत्तम, असा सगळ्यांचा समज असतो. माझाही बरीच वर्षं होता. पण तक्ता वाचताना माणूस एकेका अक्षरावर डोळा रोखून बसतो. एरवी त्याचा डोळा असा कधीच बसत नाही. वाचतानासुद्धा तो ओळीवरून सरळ घसरत जात नाही, उड्या मारतो. एक उडी, जरासा थांबा, पुन्हा उडी. जे काही वाचून होतं ते त्या थांब्यावर. मधूनच एखादी उडी मागं जाते, हुकलेलं अक्षर उचलून आणायला. आपल्याला यातलं काही जाणवत नाही, ही डोळ्याची मेहेरबानी.

हे बघण्यासाठी मोठ्या ठिकाणी यंत्रं असतात म्हणे. मी दाभणावर भागवलं. वाचनाच्या पुठ्ठ्याला मधोमध एक भोक पाडलं. पेशंट पुठ्ठा हातात धरून वाचू लागला की मी पलीकडून त्या भोकाला डोळा लावायचा आणि त्याच्या बुबुळांचा नाच बघायचा. बघणाऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटायचा. आष्ट्याला एक म्हातारबाबा पुठ्ठा खाली घेऊन मला म्हणाले, “आवं सायेब, समोर या की. लपून काय बघताय? मी काय खातोय व्हय?”

त्या भोकातून मी हजारो डोळे बघितले असतील. एक गोष्ट कळली. डोळा देवानं दिलेला असला तरी त्याची चाल माणसांनी दिलेली असते. कुठली भाषा आधी वाचायला शिकलात, कुणापुढं मान वर करायची नाही म्हणून घरात सांगितलं, कशाकडं बघितलं की आई रागवायची, हे सगळं डोळ्याच्या चालीत उतरतं. हे माझं आपलं साधं निरीक्षण. पण ते मला पुस्तकातून मिळालेलं नाही, फजितीतून मिळालेलं आहे. त्यामुळे माझा त्याच्यावर भरवसा आहे.

पहिली फजिती नोकरीच्या सुरुवातीची, मिरजेतल्या एका शिबिरातली. ज्यांना मराठी अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी आमच्याकडं एक वेगळा तक्ता असतो. त्यावर इंग्रजी ई काढलेला असतो, कधी उजवीकडं तोंड, कधी डावीकडं, कधी वर, कधी खाली. तोंड कुठं आहे ते बोटानं दाखवायचं. एक वयस्कर बाई आल्या. उर्दू शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना आपा म्हणत होते. आपांनी झराझरा बोटं दाखवली आणि माझ्या हिशेबानं जवळजवळ सगळी चुकली. मी मोठा तक्ता लावला, तरी चुकली. मी कागदावर ‘नजर अतिशय कमी’ असं लिहायला घेतलं. आपा चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, “बेटा, मेरी नजर कमी है तो तेरे कागज पर अंग्रेजी में मेरा नाम गलत लिख्या हुआ मुझे यहाँ से कैसा दिखा?”

खरंच मी नाव चुकवलं होतं. मग कळलं, आपा प्रत्येक ओळ उजव्या टोकापासून सुरू करत होत्या. साठ वर्षं उजवीकडून वाचणाऱ्या डोळ्याला दुसरं टोक सुचलंच नव्हतं, आणि ओळ कुठून सुरू करायची हे सांगायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. आपांनी माझ्याकडून तक्त्यावर डाव्या बाजूला एक बाण काढून घेतला. बाण सरळ आला नाही म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावला. शिक्षिका होत्या.

दुसरी फजिती जास्त गंभीर. कोरेगाव भागातल्या एका गावात आम्ही तपासणी ठेवली होती. एक नवीन लग्न झालेली मुलगी डोकं दुखतं म्हणून आली. बरोबर सासरे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर. डोळ्यांची हालचाल बघताना आम्ही पेशंटसमोर बसून बोट फिरवतो आणि मान न हलवता त्या बोटाकडं बघायला सांगतो. डावीकडं, उजवीकडं, खाली, वर. मुलीनं डावं-उजवं-खाली छान बघितलं. वर मात्र बघेना. बोट वर गेलं की तिचे डोळे निम्म्यात थांबायचे आणि खाली यायचे. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आता डोळे वर जात नाहीत, हे कधीकधी मेंदूतल्या दुखण्याचं लक्षण असतं. मी गंभीर चेहरा करून ‘वरची नजर कमी’ अशी नोंद केली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. सुभेदारांचा चेहरा उतरला. “शिरीयस हाय का साहेब? साफ सांगा. आपण डरत न्हाई,” असं म्हणत त्यांनी मागून माझ्या खुर्चीची पाठ धरली.

शिबिराला नेत्रतज्ज्ञ म्हणून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी माझी नोंद वाचली, मुलीकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं आणि म्हणाल्या, “बाबा, बाहेर चहा आलाय, तुम्ही घेऊन या.” सुभेदार दाराबाहेर गेले. मॅडमनी बोट वर नेलं. मुलीचे डोळे थेट छपराला लागले.

“मघाशी का गं बघितलं नाहीस?”

“मामंजी ह्यांच्या मागं हुबं हुतं,” ती माझ्याकडं हात करून म्हणाली. “वर बघितलं की त्यांच्या तोंडाकडं बघितल्यावानी हुतंय.”

तिला बारीकसा नंबर होता. चष्मा दिला, डोकेदुखी गेली. मॅडम मला एवढंच म्हणाल्या, “डोळ्याचे स्नायू तपासता तसं खोलीत कोण उभं आहे, तेही तपासत जा.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं अनेक नवीन पोरांना शिकवताना ते मी माझंच असल्यासारखं वापरलं, ही गोष्ट मॅडमना कळू नये.

इतकी मोठी अक्कल शिकून झाल्यावर माणसानं पुन्हा तीच चूक करू नये. मी केली. तीही निवृत्त झाल्यावर, सगळं येतं अशी खात्री असताना. पद्माक्कांची गोष्ट मी त्यासाठीच सांगायला बसलो आहे.

पद्माक्का म्हणजे सांगलीतल्या हळदीच्या एका व्यापाऱ्याची, भरतची, आई. वय पंचाहत्तरीच्या पुढं. जैन कुटुंब, माहेर अथणीकडचं, म्हणजे कर्नाटकातलं. मोतीबिंदूची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एका चांगल्या डॉक्टरांनी अगदी सुरेख केलेली. दोन महिन्यांनी चष्म्यासाठी भरत त्यांना घेऊन आमच्या दुकानात आला. आईसाठी सगळ्यात भारी ते द्या, म्हणाला. मी प्रोग्रेसिव्ह चष्मा सुचवला. यात एकाच काचेत वरून लांबचं दिसतं, मधून मधलं आणि खालून जवळचं, काचेवर रेघ नाही, काही नाही. मी स्वतः तोच वापरतो. अक्कांना वाचनाचा पुठ्ठा दिला. त्यांनी बारीकातली बारीक ओळ घडाघडा वाचली. मी भोकातून बघितलं, डोळे ठीक चालले होते. खूश होऊन मी त्यांना पाठवलं.

पंधरा दिवसांनी भरत त्यांना पुन्हा घेऊन आला. चेहरा काळजीचा.

“सायेब, आईला वाचाय येईना.”

मी पुन्हा पुठ्ठा दिला. अक्कांनी पुन्हा घडाघडा वाचला. मी भरतकडं बघितलं, भरत आईकडं.

“ह्ये येतंय,” अक्का पुठ्ठा खाली ठेवत म्हणाल्या. “माझी तीन पानं वाचाय येईनात.”

भरतनं सांगितलं ते असं. अक्कांचा नियम होता. सकाळी आंघोळ, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन, मग घरी येऊन आपल्या ग्रंथाची तीन पानं वाचायची. ती वाचून होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून हा नियम मोडला नव्हता. पूर्वी तीन पानं दीड तासात व्हायची. आता दुपार उलटली तरी व्हायची नाहीत. त्यात चातुर्मास सुरू झालेला. चातुर्मासात अक्का दिवसातून एकदाच जेवायच्या आणि सूर्य मावळला की जेवण बंद. म्हणजे पानं उजेडात संपली नाहीत की त्या दिवशी उपास.

“आठवड्यातनं तीनदा उपास पडतोय,” भरत म्हणाला. “बीपीची गोळी जेवणानंतरची. जेवणच न्हाई तर गोळी कशी देऊ? परवा न्हाणीत चक्कर येऊन बसली. मी म्हटलं, आई, मी वाचून दाखवतो, तू ऐक. तर म्हणती, ऐकणं ऐकणं असतंय, वाचणं वाचणं असतंय.”

मी चष्मा तपासला. नंबर बरोबर. डोळे तपासले. ऑपरेशन बरोबर, पडदा चांगला. सगळं बरोबर असताना वाचता येत नाही म्हणजे काय? दुकानात गर्दी होती. मी जरा वैतागलोच. तेव्हा मी जे बोललो ते आजही आठवलं की स्वतःचा राग येतो. मी म्हणालो, “अक्का, तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. वाचताना मन लागत नसेल. वय झालं की होतं असं.”

अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि उठल्या.

आठवड्यानं भरत एकटाच आला. बसलाही नाही. “सायेब, तुमी काय सांगितलासा आईला? तिनं दूध-तूप सोडलं. पार दिवाळीपर्यंत. का म्हणून विचारलं तर म्हणती, माझं मला ठाऊक. एक वेळचं जेवण, ते बी कवा मिळतंय कवा न्हाई, आणि त्यात आता नुसता भात-आमटी. लय अशक्त झाली हो. तुमच्या पाया पडतो, काय तरी करा.”

मी गार पडलो. जैन घरात झालेल्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून असं काही सोडतात, एवढं मला सांगलीत राहून माहीत होतं. मन लागत नाही, हे मी एखादी गोळी लिहून द्यावी तसं बोललो होतो. ज्या बाईनं पन्नासपेक्षा जास्त वर्षं मन लावून वाचलं तिला ते शिक्षेसारखं लागलं असणार, आणि ती शिक्षा तिनं भोगायला घेतली होती. मी भरतला म्हणालो, “उद्या सकाळी मी घरी येतो. अक्का वाचायला बसतील तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी गेलो. वाचायच्या खोलीच्या दारातच भरतनं थांबवलं. “पट्टा तेवढा काढून ठेवा. कातडं चालत न्हाई आत.” पट्टा काढला, घड्याळाला चामडी पट्टा होता, म्हणून तेही काढलं. आणि एका हातानं पँट धरून आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची नेत्रतपासणी करायला आत गेलो.

अक्का पाटावर मांडी घालून ताठ बसल्या होत्या. समोर ठवणी, म्हणजे पोथी ठेवायची लाकडी घडीची तिवई. तिच्यावर ग्रंथ. तो बघितला आणि मला पहिला धक्का बसला. ग्रंथ कानडी होता. आडवी, सुट्या पानांची, लांबलचक ओळींची पोथी. एकेक ओळ दीड वीत लांब. माझा पुठ्ठा मराठी, आणि त्यावरची ओळ तळहाताएवढी. दोन वेळा तपासताना ‘काय वाचता?’ हा प्रश्न मी त्या बाईंना एकदाही विचारला नव्हता.

“अव्वाचा हाय,” अक्का म्हणाल्या. अव्वा म्हणजे त्यांची आई. “लग्नात माझ्यासंगं दिला तिनं.”

त्या ग्रंथाला भोक पाडायचं मनात आणणंसुद्धा पाप. मी भरतचा दाढीचा आरसा मागून घेतला, अक्कांची परवानगी घेतली आणि तो ठवणीच्या पलीकडं उभा केला. मी बाजूला जमिनीवर बसलो. तिथून मला आरशात अक्कांचे डोळे दिसत होते. त्या वाचू लागल्या.

ओळीच्या मध्यावर डोळे सुरेख चालले. उडी, थांबा, उडी, थांबा, सगळ्या सारख्या. टोकाकडं गेले की मात्र गडबडायचे. पुढं जायचे, मागं यायचे, पुन्हा पुढं. मग ओळ सुटायची आणि अक्का तीच ओळ पहिल्यापासून धरायच्या. एका ओळीला चार-चार फेऱ्या. आणि हे सगळं होत असताना त्यांचं डोकं जागचं तसूभरही हललं नाही.

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं दिसायची जागा खाली मधोमध असते आणि ती अरुंद असते. कडेनं बघितलं की धूसर. म्हणून हा चष्मा घालणारा माणूस चार दिवसांत, नकळत, डोळ्यांऐवजी मान फिरवायला शिकतो. मीही शिकलो आहे. सगळेच शिकतात, म्हणून आम्ही ते कुणाला सांगतही नाही.

“अक्का, वाचताना मान जरा फिरवून बघा. ओळीबरोबर.”

“मान हलवायची न्हाई,” अक्का ताबडतोब म्हणाल्या.

“का?”

त्यांनी ग्रंथाला हात जोडले, पान झाकलं आणि मगच बोलल्या. मधेच थांबायचं तरी त्याची रीत होती. “मी सात-आठ वर्षांची आसंन. अव्वा वाचाय बसवायची तवा माझ्या डोक्यावर सुपारी ठेवायची. मान हलली की सुपारी पडायची. सुपारी पडली की पान पयल्यापासनं. म्हणायची, डोकं हललं म्हंजे मन हललं. डोळं तेवढं चालू देत. मी लय रडायची. मग एक दिवस सगळी पानं झाली तरी सुपारी डोक्यावरच. अव्वानं ती काढून घेतली आणि परत कवा ठेवली न्हाई.”

“आणि मराठी वाचताना?”

“मराठी काय, दुकानाच्या पाट्या वाचल्यागत वाचते मी. थोडं दिसलं, थोडं अंदाजानं. पेपर हातात धरून, मान बी हलती. कानडी वाचायचं म्हंजे अक्षराला हात लावून जावं लागतंय. हे बघा की.” त्यांनी न टेकवता बोट पानावरून नेलं. “एक अक्षर वर असतंय, त्याचं जोडीदार खाली लोंबतंय. त्ये खालचंच मला दिसंना झालंय कडंला. आणि ग्रंथातलं अक्षर अंदाजानं वाचत न्हाईत.”

मला कानडी येत नाही. पण त्या दिवशी मी ते पान पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते, नजर तिला धरून पुढं सरकते. तिथं रेघ नव्हती. गोल गोल अक्षरं, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर बारीक होऊन खाली बसलेलं. काच जराशी धूसर झाली तर पहिल्यांदा हरवणार ते खालचं बारीक अक्षर. ते हरवलं की अक्का थांबणार, मागं जाणार, ओळ पुन्हा धरणार, पण अंदाजानं एक शब्द पुढं रेटणार नाहीत. आणि मान हलवणार नाहीत. सत्तर वर्षांची शिस्त एका बाजूला आणि माझी नवी भारी काच दुसऱ्या बाजूला. त्यात उपास घडत होता अक्कांना.

मी सुनेकडून शिवणाची टेप मागून घेतली. अक्कांच्या डोळ्यापासून ठवणीवरच्या पानापर्यंत अंतर मोजलं. दुकानातला माझा पुठ्ठा ज्या अंतरावर धरतात त्याच्यापेक्षा ते कितीतरी जास्त निघालं. म्हणजे नंबरसुद्धा त्या पोथीचा नव्हता, पुठ्ठ्याचा होता. चारचौघांत हुशार म्हणून मिरवणाऱ्या माणसानं एका कामात किती चुका कराव्यात, त्याला काही सुमार नसतो.

उपाय अगदी साधा होता. जुन्या पद्धतीचा फक्त वाचायचा चष्मा. एकच नंबर, काचभर तोच, कडेपासून कडेपर्यंत. फ्रेम मात्र मोठी हवी होती आणि हल्ली तेवढी मोठी कुणी ठेवत नाही. दुकानाच्या खालच्या खणात अडगळीत एक सापडली, गालापर्यंत येणारी, तपकिरी. ठवणीच्या अंतराचा नंबर काढून मी स्वतः समोर बसून काचा बसवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पट्टा घरीच ठेवून, नाडीचा पायजमा घालून अक्कांकडं गेलो.

आरसा पुन्हा मांडला. अक्कांनी तो टोपल्याएवढा चष्मा घातला, नातसून तोंडाला पदर लावून हसली, आणि वाचन सुरू झालं.

माझ्या कामात मला फार थोड्या वेळा असं झालं आहे की बघता बघता आपण काय तपासायला आलो होतो तेच विसरलो. आरशात ते डोळे डाव्या टोकापासून निघायचे. सारख्या अंतराच्या, सारख्या वेळाच्या छोट्या छोट्या उड्या. जोडाक्षर आलं की किंचित जास्त थांबा. उजव्या टोकाला पोहोचले की एकाच उडीत थेट पुढच्या ओळीच्या तोंडाशी, जरासुद्धा इकडं तिकडं नाही. डोकं देवळातल्या मूर्तीसारखं. ओठ हलत होते, डोळे चालत होते आणि बाकी सगळी बाई शांत होती. तरुण, शिकलेली, दिवसभर वाचणारी माणसं मी तपासली आहेत. इतके शिस्तीचे डोळे मी दुसरे बघितले नाहीत. एका आईनं सत्तर वर्षांपूर्वी एका सुपारीवर हे काम केलं होतं आणि ते अजून जसंच्या तसं टिकून होतं. आमची सगळी विद्या त्याच्यापुढं काहीच नाही, असं मला वाटलं आणि वाटलं ते खरंच होतं.

अकरा वाजायच्या आत तीन पानं झाली. अक्कांनी ग्रंथ बांधला, डोक्याला लावला. भरत दारात उभा होता. तो आत स्वयंपाकघराकडं वळला आणि बराच वेळ तिकडंच राहिला. थोड्या वेळानं अक्का जेवायला बसल्या. भात, आमटी, एक भाजी. तूप नाही, ताक नाही.

तिथंच मी बोलायला हवं होतं. ‘अक्का, मन तुमचं लागतच होतं. चुकलो मी.’ एवढंच. पण भरत होता, सून होती, नातसून होती, मला आता सगळे डॉक्टर डॉक्टर करत होते. मी म्हणालो, “काच जरा बदलावी लागली, इतकंच. आता काही काळजी नाही.” चूक काचेवर ढकलली आणि चहा न घेता निघालो. माझी प्रायश्चित्ताची शक्ती तेवढीच.

पुढं महिना-सव्वा महिना भरत जाता-येता दुकानात डोकवायचा. तीन पानं वेळेत होतात, जेवण रोज होतं, गोळी चालू आहे, चक्कर नाही. दूध-तूप? “न्हाई. घेतलं व्रत ते घेतलं. दिवाळीपर्यंत काय सोडत न्हाई ती.” दर वेळी हे ऐकलं की माझ्या पुढ्यातला दुधाचा चहा मला जड जायचा, पण मी तो प्यायचो.

भाद्रपदात जैन लोकांचं पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी ते ओळखीच्या प्रत्येकाला भेटून, वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा मागतात. हळदपेठेतले दोघे-चौघे दरवर्षी आमच्या दुकानात हात जोडून जातात. त्या दिवशी मी एका पेशंटच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होतो. दारात सावली पडली. भरतच्या हाताला धरून अक्का दुकानाच्या दोन पायऱ्या चढत होत्या. डोळ्यांवर तो गालापर्यंतचा चष्मा.

मी उठायच्या आत त्यांनी हात जोडले. “सायेब, क्षमा करा.”

“अहो अक्का, मला कसली क्षमा? उलट मीच...” मी सुरुवात केली. मग एकदम सगळं बोलून टाकलं. “त्या दिवशी मन लागत नाही म्हणालो ते चूक होतं. चष्मा चुकीचा होता. मीच दिला होता. माझ्या शब्दाखातर तुम्ही दूध-तूप सोडलंत. मला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मान जराही हलली नाही.

“तुमच्या शब्दानं कशाला सोडीन?” त्या म्हणाल्या. “मन लागत हुतं, ते मला ठाऊक हुतं की. सुपारी पडली न्हवती. पन तुमी तसं म्हणालासा, तवा मला तुमचा लय राग आला. घरी गेले तरी जाईना. वाचाय बसलं तरी तुमचं तोंड समोर. असा राग धरून ग्रंथाला हात लावायचा म्हंजे काय खरं न्हाई. म्हणून सोडलं दूध-तूप. त्या रागापायी. त्याचीच क्षमा मागाय आलेय.”

स्क्रू माझ्या बोटातून खाली पडला होता. अक्का हात जोडून तशाच उभ्या होत्या, माझ्या उत्तराची वाट बघत. त्यांच्या चष्म्याच्या मोठ्या काचा माझ्याकडं लागलेल्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघायला गेलो आणि माझे डोळे निम्म्यात थांबले, खाली आले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खालीच. त्या घटकेला कुणी समोर बसून बोट फिरवलं असतं, तर माझ्याही कागदावर ‘वरची नजर कमी’ अशीच नोंद करावी लागली असती, आणि या वेळी ती बरोबर ठरली असती.